आफ्रिकन-अमेरिकन समाज आणि एड्स

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एड्सविषयीचा पहिला शासकीय अहवाल ५ जून १९८१ रोजी प्रसिद्ध झाला. हा प्रामुख्याने गोऱ्या समलिंगी पुरुषांचा रोग होय, असा समज त्यानंतर रूढ झाला. कृष्णवर्णीय रुग्ण प्रारंभापासून असूनही त्यांकडे दुर्लक्ष झाले. लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण सु. १२ टक्के असताना १९९६ मध्ये नव्याने नोंदलेल्या एड्सरुग्णांत त्यांची संख्या प्रथमच गोऱ्या रुग्णांहून अधिक झाली.

या विषमतेची कारणे मुख्यतः सामाजिक आहेत. दारिद्र्य, आरोग्यविम्याचा अभाव, वेगळ्या पडलेल्या वस्त्या, मादक द्रव्यांच्या सुयांचा सामायिक वापर आणि पुरुषांच्या तुरुंगवासामुळे विस्कटलेली कुटुंबे यांमुळे संसर्ग फैलावला व उपचार लांबले. त्यांत अविश्वासाची भर पडली. ॲलाबॅमातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात शासकीय आरोग्यसेवेने सु. ४०० उपदंशग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांचे केवळ निरीक्षण केले आणि पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही. या घटनेची स्मृती ताजी असल्याने आरोग्ययंत्रणेच्या सल्ल्याकडे अनेकजण संशयाने पाहत.

रोगाचा भार मुख्यत्वे कुटुंबांवर पडला. तरुण मातापित्यांच्या मृत्यूनंतर नातवंडांचे संगोपन अनेक आज्यांना करावे लागले. न्यूयॉर्कमधील हार्लेम येथे क्लॅरा हेल (१९०५–९२) यांनी व्यसनाधीन मातांच्या अर्भकांसाठी चालविलेल्या निवासात पुढे एड्सग्रस्त बालकांचाही सांभाळ झाला. लोकलज्जेमुळे घरोघरी रोगाचे नाव दडविले जाई. दूरचित्रवाणीवरील ख्यातनाम वृत्तनिवेदक मॅक्स रॉबिन्सन यांनीही आपला आजार गुप्त ठेवला. मात्र आपल्या मृत्यूनंतर (१९८८) त्यातून समाजास बोध व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन (१९९१) आणि टेनिसपटू आर्थर ॲश (१९९२) यांच्या जाहीर निवेदनांनी हे मौन काही अंशी भंगले.

या समाजाचा आधार असलेली चर्चेसही दीर्घकाळ मूक होती. १९८९ मध्ये पर्नेसा सील यांनी हार्लेममध्ये सामुदायिक प्रार्थनासप्ताह योजून त्यांना या कार्यात आणले. काँग्रेसमधील कृष्णवर्णीय सदस्यांच्या प्रयत्नांमुळे १९९८ मध्ये अल्पसंख्याकांसाठी विशेष निधीची योजना जाहीर झाली.

१९९६ पासून संयुक्त औषधोपचारामुळे मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. तथापि हा लाभ समप्रमाणात पोहोचला नाही. आजही नव्या एचआयव्ही-निदानांपैकी सु. दोन-पंचमांश निदाने कृष्णवर्णीयांची असून दक्षिणेकडील राज्यांत त्यांचा भार विशेष आहे. औषध उपलब्ध असणे आणि ते विश्वासाने स्वीकारता येणे, यांतील अंतर या इतिहासातून स्पष्ट होते.