पत्त्यातली ‘मार्फत’ ही ओळ कशी वाचायची?

जुनं पोस्टकार्ड हाती आलं की आपण मजकुराचा फोटो काढतो आणि पुढे जातो. कामगारांच्या इतिहासावर काम करणार असाल, तर आधी कार्ड उलटून पत्ता वाचा. तिथे ‘मार्फत’, ‘द्वारा’ किंवा ‘यांजकडे’ दिसलं, की थांबा.

मुंबईच्या गिरणगावाचं उदाहरण घेऊ. रत्नागिरी, साताऱ्याकडून आलेले बरेच पुरुष इथे एकटे राहायचे. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत बायकांची संख्या पुरुषांच्या साधारण निम्मीच होती. परळ-लालबागच्या चाळींत एकेका खोलीत कितीतरी जण असायचे आणि जेवण खानावळवालीकडे. खोली मात्र एकाच्या नावावर, भाडेपावतीही त्याचीच. बाकीच्यांची पत्रं त्याच्या, खानावळीच्या किंवा गावमंडळाच्या खोलीच्या पत्त्यावर यायची. म्हणजे काय, तर भाड्याच्या कागदांत ज्याचं नावच नाही, तो माणूस तुम्हाला या एका ओळीत सापडू शकतो.

आता कायदा बघा. १८९८ च्या पोस्ट कायद्यानुसार पत्र घरी पोचलं, किंवा ते घेण्याचा अधिकार असल्याचं मानल्या गेलेल्या माणसाच्या हाती दिलं, की ते मालकालाच मिळालं असं धरलं जायचं. पोस्टाचं काम तिथे संपलं. पण खोलीवाल्याशी भांडण झालं असेल तर? खानावळीचे पैसे थकले असतील तर? घरात आजारपण असल्याची बातमी पोस्टाच्या लेखी पोचलेली आणि माणसाला पत्ताच नाही, असं होऊ शकत होतं.

१८८० पासून पोस्टाने मनीऑर्डर सुरू केली. तिचं गणित वेगळं. पैसे ज्याच्या नावे, त्याची सही हवी. लिहिता येत नसेल तर अंगठा आणि सोबत साक्षीदार. त्यामुळे गावच्या बाईच्या नावे आलेल्या मनीऑर्डरच्या पावतीवर तिचा स्वतःचा अंगठा मिळू शकतो. तिला लिहिलेलं पत्र मात्र सासऱ्याच्या किंवा मास्तरांच्या नावे गेलेलं असू शकतं. मग मजकूर वाचताना विचारा: हे नक्की कुणी वाचावं म्हणून लिहिलंय? नवऱ्याने बायकोला काय लिहिलं नाही, याचं उत्तर कधी कधी पत्त्यातच असतं.

म्हणून नोंदी करताना चार रकाने ठेवा: पत्र कुणाला, कुणामार्फत, ठिकाण, शिक्क्यावरची तारीख. एकाच माणसाची कार्डं तारखेप्रमाणे लावा. मधलं नाव बदललं की त्या सुमाराची इतर कागदपत्रं तपासा. काम सुटलं? संप झाला? खोली बदलली? एक काळजी घ्या: मार्फतवाला नातेवाईकच असेल असं धरून चालू नका. तो गाववाला असेल, मुकादम असेल, नाहीतर कोपऱ्यावरचा दुकानदारही. ते नातं शोधणं हेच तर आपलं काम आहे.