मुलचेऱ्याच्या ताटातील बंगाल
#धागा #इतिहास #गडचिरोली

१/
हेमलकसा-भामरागडकडे जाणारे बहुतेक प्रवासी चामोर्शी, आष्टी, आलापल्ली अशी वाट धरतात. या वाटेवरून थोडे आत, मुलचेरा तालुक्यात वळले, तर दुपारच्या ताटात मोहरीच्या वाटणातले रोहूचे कालवण, भात आणि शेवटी पाकातला रसगुल्ला समोर येऊ शकतो. गोंड-माडियांच्या या मुलखात हे ताट आले कोठून?

२/
उत्तर फाळणीत आहे. पश्चिमेकडील निर्वासितांचा लोंढा प्रामुख्याने १९४७-४८ मध्ये आला. पूर्व बंगालचे स्थलांतर मात्र लाटांनी, पुढची अनेक वर्षे चालू राहिले. आधी जमीनदार व शिक्षित वर्ग बाहेर पडला. शेतकरी, मच्छीमार आणि नावाडी मागे राहिले. त्यांत नमःशूद्र समाज मोठा होता. १९५० च्या दंगलींनी त्यांनाही उठवले.

३/
डिसेंबर १९६३ मध्ये श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातील पवित्र केस नाहीसा झाला. काही दिवसांत तो सापडलाही. परंतु तोवर जानेवारी १९६४ मध्ये दूरच्या खुलना भागात दंगली पेटल्या होत्या. पुन्हा हजारो कुटुंबे सीमेपार आली. पश्चिम बंगालमध्ये जागा नाही, असे सांगून त्यांना मध्य भारताकडे पाठवण्यात आले. रायपूरजवळची माना छावणी हा त्या प्रवासाचा मोठा थांबा होता.

४/
केंद्र सरकारने १९५८ मध्येच दंडकारण्य प्रकल्प सुरू केला होता. कोरापुट आणि बस्तर हे त्याचे मुख्य क्षेत्र. त्यांच्या पश्चिमेला असलेल्या महाराष्ट्राच्या तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातही निर्वासितांसाठी वसाहती उभ्या राहिल्या. आज मुलचेरा तालुक्यात सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी गावे भेटतात, ती याच वसाहतींची. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला.

५/
खुलना, बारिसाल, फरिदपूर हा खाड्या, बिले आणि पुराच्या पाण्याचा प्रदेश. तेथून आलेल्या माणसांच्या वाट्याला साग-बांबूचे रान आणि पावसावर अवलंबून असलेली जमीन आली. ज्यांना ती सोसली नाही, त्यांच्यापैकी दंडकारण्यातील अनेक कुटुंबे १९७८ मध्ये सुंदरबनाकडे परतली. मरिचझांपी बेटावर वसलेल्या या लोकांना १९७९ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने बळाने हुसकले. त्यात कित्येकांचे प्राण गेले. जे इकडेच राहिले, त्यांनी आपला स्वयंपाक इथल्या पाण्यावर नव्याने बसवला.

६/
दोन गोष्टी त्यांना इथे आयत्याच मिळाल्या. पहिली भात: पूर्व विदर्भ हा तांदळाचाच पट्टा. दुसरी तळी: भातासाठी पाणी साठवणाऱ्या तलावांची परंपरा या भागात जुनी असून ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या त्यांत मासेमारी करत आला आहे. मरळ आणि वाम इथल्या घरांना ओळखीचेच होते. म्हणजे मासे-भात बंगाल्यांनी आणला, हे अर्धेच खरे. त्यांनी आणली ती प्रामुख्याने रीत.

७/
रीत म्हणजे काय, ते मोहरीत पाहावे. मराठी स्वयंपाकघरात मोहरी फोडणीत तडतडते. बंगाली स्वयंपाकघरात ती हिरव्या मिरचीसह वाटली जाते आणि कालवणाचा देहच बनते. माशाला हळद-मीठ लावून तो आधी मोहरीच्या तेलात तळून घ्यायचा आणि मग रश्श्यात सोडायचा, ही पद्धतही तिकडचीच. शेजारच्या मराठी घरातल्या खोबरे-खसखशीच्या वाटणाहून ही चव अगदी निराळी लागते.

८/
एक मासा मात्र मागेच राहिला: हिलसा, म्हणजे इलिश. तो समुद्रातून नदीत चढणारा मासा. गंमत अशी, की मुलचेऱ्याकडचे पाणी प्राणहितेतून गोदावरीला मिळते, आणि गोदावरीच्या मुखाकडे हाच मासा ‘पुलसा’ या नावाने प्रसिद्ध आहे. परंतु १८५२ मध्ये ऑर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली धवळेश्वरमचा बंधारा पूर्ण झाला आणि माशाची वरची वाट अडली. शंभरेक वर्षांनी इलिशची आठवण घेऊन माणसे याच नदीच्या वरच्या अंगाला आली!

९/
इलिशची जागा रोहू-कटल्याने घेतली. हे मासे तळ्यात वाढतात, पण साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करून दूरवर न्यावे लागे. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवले. चौधुरींचा जन्मही सिल्हेटकडचा, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. रानातल्या तळ्यातून निघून त्याच दिवशी कढईत पडणाऱ्या रोहूमागे हे शास्त्र आहे.

१०/
आता रसगुल्ला. आपल्याकडची मिठाई बहुधा खव्याची. खवा काही दिवस टिकतो. छेना म्हणजे फाडलेल्या दुधाचा ओलसर चोथा. तो लवकर आंबतो, म्हणून दूध, कढई आणि गिऱ्हाईक जवळजवळ असावे लागते. कोलकात्याच्या के. सी. दास यांनी १९३० मध्ये रसगुल्ला डब्यात बंद केला, तरी ताज्याची लुसलुशीत चव त्याला नाही. मोठ्या शहरापासून इतक्या दूर चांगला रसगुल्ला मिळतो, त्याचे कारण त्याला दुरून आणता येत नाही. तो इथेच करावा लागतो.

११/
या ताटाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वसाहतींसाठी मोकळी केलेली जमीन कोणाच्याच ओळखीची नव्हती, असे नाही. मोह, तेंदू, बांबू, शिकार आणि चराई यांसाठी आदिवासी गावे त्याच रानावर जगत होती. एका उखडलेल्या समाजाचे पुनर्वसन दुसऱ्याच्या रानात झाले, आणि निर्णय दोघांनाही न विचारता दिल्लीत व राजधान्यांत घेतले गेले. जमीन आणि जंगल यांवरून आजही उमटणाऱ्या कुरबुरींचे मूळ तेथे आहे.

१२/
निर्वासितांचाही एक प्रश्न अनुत्तरित आहे. नमःशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींत मोडतो. महाराष्ट्राच्या यादीत त्याचे नाव नाही. तीच जात, तोच इतिहास, पण छावणीची गाडी कोणत्या राज्यात थांबली यावर नातवंडांच्या सवलती ठरल्या. ही मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे.

१३/
प्रवासात ‘इथले स्थानिक काय आहे?’ असे विचारण्याची रीत आहे. मुलचेऱ्यात या प्रश्नाला एकच उत्तर नाही. मोहफुलेही स्थानिक, तळ्यातली मरळही स्थानिक, आणि साठ वर्षांच्या सवयीने मोहरीतला रोहूही आता स्थानिकच. तिकडे जाणे झाले तर भात गरम असतानाच जेवावे, आणि वाढणाऱ्या काकूंना त्यांचे मूळ गाव जरूर विचारावे. खुलन्याचे किंवा बारिसालचे एखादे नाव कानी पडेल. नकाशावर ते शोधून पाहावे.

(समाप्त)