जकात, दस्तक आणि हुंडेकरी

विजयदुर्गाच्या खाडीतून आत शिरले म्हणजे खारेपाटण लागते. आज मुंबई-गोवा महामार्गावरचे एक लहानसे गाव एवढीच त्याची ओळख उरली असली, तरी कोकणच्या सागरी व्यापाराचा इतिहास ज्याला पाहायचा आहे त्याला या गावाशी थांबल्यावाचून गत्यंतर नाही. कारण समुद्रापलीकडून येणाऱ्या मालावर आपल्या किनाऱ्यावर काय घेतले जात असे, याचा फार जुना लेखी पुरावा येथे मिळालेल्या ताम्रपटांत आहे. शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ मधील शिलाहार राजा रट्टराज याच्या दानपत्रात अव्वेश्वराच्या देवालयाला जी उत्पन्ने लावून दिली आहेत, त्यांत द्वीपांतराहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याणक घ्यावा, असे सांगितले आहे. त्यानंतर सुमारे ८६ वर्षांनी, उत्तर कोकणच्या शिलाहार शाखेतील अनंतदेव याने दिलेल्या ताम्रपटात भाभण श्रेष्ठी व धणाम श्रेष्ठी या दोघां बंधूंच्या मालाला शूर्पारक, श्रीस्थानक, चेमूल्य आणि नागपूर, म्हणजे आजची सोपारा, ठाणे, चौल आणि नागाव, या बंदरांत शुल्क माफ केल्याचा लेख आहे.

एका पटात ठोक रक्कम आहे आणि दुसऱ्यात माफी आहे. परंतु या दोहोंत समान असे काही असेल, तर ते हे की, नाखवा किंवा श्रेष्ठी बंदरात शिरण्यापूर्वीच आपल्याला काय द्यावे लागेल हे जाणत होता. सागरी जकातीच्या इतिहासात दर शेकडा किती होता, याचीच चर्चा आपले इतिहासकार बहुधा करतात, आणि ती आवश्यकही आहे. परंतु व्यापारी आणि त्याच्यामागे उभा असलेला सामान्य गिऱ्हाईक यांना खरा जाच झाला तो दराच्या उंचीचा नव्हे, तर अखेरचा आकडा आधी न कळण्याचा, असे हा सारा इतिहास चाळताना मला सातत्याने वाटत आले आहे.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यावर समुद्रावरच नाके बसविले, असे म्हटले तरी चालेल. त्यांचा ‘कार्ताझ’ नामक परवाना जवळ नसेल ते गलबत जप्तीस पात्र ठरे, आणि परवाना घेणाऱ्याला पोर्तुगीज ठाण्याच्या बंदरात जाऊन तेथील जकात भरावी लागे. म्हणजे मालाचा मार्ग कोणता असावा हेही जकात घेणाराच ठरवू लागला. मोगल बादशहाच्या जहाजांनाही या परवान्यावाचून सुटका नव्हती. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घ्यावे असा आग्रह धरला, तेव्हा ज्यांनी दोन शतके हाच व्यवहार इतरांवर लादला होता ते पोर्तुगीज आणि मुंबईकर इंग्रज या दोघांनाही तो चाचेपणा वाटला, आणि १७२१ मध्ये त्यांनी मिळून कुलाब्यावर केलेली स्वारी फसली. कान्होजींना चाचा म्हणणारे इंग्रजी लेखन आपल्याकडे कित्येक वर्षे शाळांतूनही वाचले गेले, याचे वैषम्य वाटते. दस्तक मागणे हे त्या काळच्या सागरी राज्यकारभाराचेच अंग होते आणि ते मागण्याचा अधिकार स्वराज्याच्या सरखेलांना पोर्तुगीजांहून कमी नव्हता.

इंग्रजांना मात्र आकडा आधी ठरवून घेण्याचे मर्म फार लवकर उमगले होते. फर्रुखसियर बादशहाकडून १७१७ मध्ये त्यांनी जे फर्मान मिळविले, त्यात सुरतेच्या बंदरात मालागणिक जकात न देता वर्षाकाठी १०,००० रुपये एकरकमी द्यावेत असे ठरले. त्यामुळे जकातीची बचत झाली ती झालीच. शिवाय प्रत्येक गठडी उघडणे, प्रत्येक वस्तूच्या किमतीवरून मुत्सद्द्यांशी वाद घालणे आणि तो वाद मिटेपर्यंत माल धक्क्यावर कुजत ठेवणे, या साऱ्यातून कंपनीची मुक्तता झाली.

जकातीचा विचार किती बारकाईने करता येतो याचा आपल्याकडील उत्तम नमुना म्हणजे शिवछत्रपतींचे १६७१ मधील, कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव याला लिहिलेले मिठासंबंधीचे पत्र. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशातून येणारे मीठ स्वस्त पडू लागल्यामुळे व्यापारी तिकडे वळतील आणि स्वराज्यातील प्रभावळीकडचे मीठ पडून राहील, असा धोका उभा राहिला होता. महाराज केवळ जकात वाढवा एवढेच सांगून थांबत नाहीत. आपल्याकडचे मीठ व्यापाऱ्याला अखेर ज्या भावाने पडते तो भाव ध्यानात घेऊन, बारदेशचे मीठ त्याहून महागच पडावे अशा बेताने जकात बसवावी, असा त्यांचा हुकूम आहे. मूळ किंमत कितीही अल्प असो, वाहतूक आणि जकात धरून दारात जो आकडा पडतो तोच खरा, ही दृष्टी या पत्रात स्वच्छ दिसते. बाहेरचा माल मागविणाऱ्या प्रत्येकाने हे पत्र एकदा तरी वाचावे, असे मी मनापासून सुचवीन.

तीच दृष्टी पुढे पेशवाईच्या उत्तरार्धात हरपली, हे मान्य करावे लागते. माल जेथे भरला तेथे थळभरीत, जेथे विकला तेथे थळमोड, शिवाय शिक्का मारण्याबद्दल छापा, असे जकातीचे निरनिराळे प्रकार होते. आणि महाल, परगणे व जहागिरी यांच्या सरहद्दी जागोजाग एकमेकींत घुसलेल्या असल्यामुळे, बंदरावरून घाट चढून देशावर येणाऱ्या बैलांच्या तांड्याला मजल दरमजल चौक्या लागत. प्रत्येक चौकीवर बैल थांबवायचा, गोणी मोजायच्या, दस्तक असेल तर ते दाखवायचे, नसेल तर घासाघीस करायची. त्यातून बाजीराव दुसरे यांच्या कारकिर्दीत महसुलाप्रमाणे जकातही मक्त्याने दिली जाऊ लागली, तेव्हा मक्तेदाराचे सारे लक्ष मक्त्याची रक्कम भरून निघण्याकडे लागले. व्यापार वाढावा ही काळजी त्याला कशाला?

या अडचणीतून समाजानेच जो मार्ग काढला, तो मला जकातीच्या साऱ्या इतिहासातील सर्वांत मनोवेधक भाग वाटतो. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात हुंडेकरी नावाच्या वर्गाची नोंद आहे. हे लोक मोठ्या गावी पेढी घालून बसत. व्यापाऱ्याने आपला माल त्यांच्या स्वाधीन करावा, एक ठरावीक रक्कम त्यांच्या हाती द्यावी, आणि मग वाटेत चौक्या किती, कोणत्या जहागीरदाराचा हक्क कोणत्या नदीपाशी सुरू होतो, कोणाचा मक्ता यंदा बदलला, याची विवंचना सोडून द्यावी. जकातीच्या मक्तेदारांशी हुंडेकऱ्याचे संधान असे; त्यांचे देणे तो हिशेबाने नंतर चुकते करी आणि त्या रकमेला तोच जबाबदार राही. बहुसंख्य चौक्यांची अनिश्चितता तो स्वतःच्या अंगावर घेई आणि तिच्या बदल्यात व्यापाऱ्याला एकच आकडा देई. त्याचा नफा या आकड्यात असे, हे उघडच आहे. परंतु वंजाऱ्याच्या तांड्याबरोबर एकदा स्वतः घाट चढलेल्या व्यापाऱ्याने तो नफा खुशीने दिला असेल, याविषयी मला शंका वाटत नाही.

इंग्रजी अंमलात १८३६ ते १८३८ या अवधीत प्रथम बंगाल आणि मागोमाग मुंबई इलाख्यातील अंतर्गत जकाती उठल्या आणि रस्त्यावरच्या चौक्यांचे युग संपले. मालाची खरी गाठ आता बंदरावरच पडू लागली. मुंबईहून ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० च्या मार्चमध्ये निघून महिन्याभरात सुएझला पोहोचली होती. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर विलायतेचा माल आफ्रिकेला वळसा न घालता थेट मुंबईच्या धक्क्याला लागू लागला. १८७८ च्या सागरी जकात कायद्याने कारभाराची घडी बसली, १८९१ मध्ये लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सने मुंबईत आपली शाखा उघडली, आणि सूचिपत्र पाहून घरबसल्या परदेशी वस्तू मागविण्याची सवय गोऱ्या अंमलदारांकडून हळूहळू आपल्या वकील-डॉक्टरांच्या घरांपर्यंत आली. जकात हा त्या काळी स्वाभिमानाचाही प्रश्न झाला होता: लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या समाधानासाठी १८९६ मध्ये परदेशी कापडावरील आयातकर शेकडा साडेतीनवर आणून तेवढाच कर आमच्या गिरण्यांच्या कापडावरही बसविण्यात आला, तेव्हा टिळकांनी पुण्यात परदेशी कापडाविरुद्ध जी चळवळ उभी केली ती १९०५ च्या बहिष्काराची पूर्वपीठिका होय.

बॅलार्ड इस्टेटीत जॉर्ज विटेटने बांधलेले जकातगृह आणि त्याच परिसरातील विदेश डाक भवन या दोन वास्तूंमधून आज जो व्यवहार चालतो, तो आपल्या अनेक वाचकांच्या घरी महाजालावरून मागविलेल्या पुडक्याच्या रूपाने येत असतो. पुडक्यावर पाठविणाराने चिकटविलेली सीएन २२ किंवा सीएन २३ नावाची जकातचिठ्ठी असते. तीत वस्तू, वजन आणि किंमत लिहिलेली असते, आणि त्या चार ओळींवरच अधिकाऱ्याचा पहिला विश्वास किंवा पहिला संशय उभा राहतो. आकारणीची रीत एकदा बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण मूळ किमतीवरच जकात लागते अशी अनेकांची समजूत असते. समजा, वस्तू १०,००० रुपयांची आहे आणि वाहतूक व विमा मिळून २,००० रुपये झाले आहेत, तर जकात १२,००० वर लागते. मूळ जकातीचा दर शेकडा १० धरला तर १,२०० रुपये. त्या जकातीवर शेकडा १० समाजकल्याण अधिभार, म्हणजे १२० रुपये. आणि या साऱ्यांची बेरीज जी १३,३२० रुपये, तिच्यावर एकात्मिक वस्तू व सेवा कर शेकडा १८ धरला तर २,३९७ रुपये ६० पैसे. १०,००० च्या वस्तूवर ३,७१७ रुपये ६० पैसे सरकारात भरावे लागले, आणि त्यांतला काही भाग केवळ वाहतुकीचा मार्ग महाग निवडल्यामुळे पडला. विमानाने चार दिवसांत मागवावे की टपालाने काही आठवडे थांबावे, हा प्रश्न म्हणून केवळ वेळेचा राहत नाही. भाडे वाढले की त्याच्यामागोमाग करही वाढतो.

‘भेट’ म्हणून पाठविले म्हणजे जकात लागत नाही, ही आणखी एक दृढमूल समजूत. १२ डिसेंबर २०१९ पासून परदेशातून टपालाने किंवा कुरिअरने भेट म्हणून जकातमाफीत येणाऱ्या मालाला बंदी आहे. अपवाद दोनच, प्राणरक्षक औषधे आणि राखी. राखीबरोबर पाठविलेली भेटवस्तू मात्र या अपवादात बसत नाही. न्यू जर्सीच्या बहिणीने पुण्याच्या भावाला पाठविलेला धागा सुटतो आणि त्याच पाकिटातले घड्याळ अडते. हा अपवाद वाचताना कौटिल्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात शुल्काध्यक्षाची कर्तव्ये सांगताना बाहेरून येणाऱ्या मालावर सामान्यतः किमतीचा पाचवा हिस्सा शुल्क सांगितले आहे. परंतु विवाह, यज्ञ, प्रसूती, देवपूजा, चौल, उपनयन यांसाठी नेण्यात येणारे सामान शुल्कमुक्त ठेवले आहे, आणि या निमित्ताची खोटी बतावणी करणाऱ्याला चोरीचा दंड सांगितला आहे. संस्काराला सूट द्यावी आणि त्या सुटीच्या आडून व्यापार होऊ देऊ नये, या दोन्ही गोष्टींची जाण त्या ग्रंथकाराला होती.

आजच्या कुरिअर कंपन्या जे काम करतात ते मला हुंडेकऱ्याच्या कामाहून फारसे भिन्न वाटत नाही. त्या गिऱ्हाइकाच्या वतीने जकात आधी भरतात, माल सोडवून आणतात आणि दारात एकच रक्कम मागतात. काही विक्रेते तर मागणी नोंदवितानाच जकातीसह आकडा घेऊन मोकळे होतात. टपालाच्या मार्गाने आलेल्या पुडक्याची जकात पोस्टमन दारात घेतो आणि त्यावर खात्याचे सोडवणूक-शुल्क सहसा अल्प असते. कुरिअरचे आगाऊ भरण्याचे शुल्क त्यामानाने बरेच असू शकते. या सोयीला माझा विरोध नाही. परंतु पेठेतल्या हुंडेकऱ्याला समोर बसवून हिशेब विचारता येत असे, आणि आज तो विचारण्याची जागा बहुतेकांना ठाऊकच नसते. ती जागा म्हणजे बिल ऑफ एन्ट्री. कुरिअर कंपनीने जकातखात्यात आपल्या नावाने जे आयातपत्र दाखल केलेले असते त्याची प्रत मागून घ्यावी: वस्तू कोणत्या शीर्षाखाली घातली, किंमत आणि भाडे किती धरले, दर कोणता लावला, हे त्यात लिहिलेले असते, आणि पुस्तकाला खेळण्याचा दर लागला असेल किंवा भाडे दोनदा मोजले गेले असेल, तर ती चूक दाखविण्याचा आधार त्याच कागदात मिळतो. पावतीवरच्या एकूण रकमेतून यातले काहीच कळत नाही, आणि त्या रकमेत सरकारचे किती व कंपनीचे किती, हे वेगळे दाखविणे कंपन्यांवर स्पष्टपणे बंधनकारक व्हावे, अशी माझी मागणी आहे.