जलतरण तलाव : हंगामअखेरचे जलसंतुलन

हंगाम संपल्यावर तलाव बंद करण्यापूर्वी पाण्याची अल्कता, सामू, कठिनता व क्लोरीन योग्य मर्यादेत आणण्याची क्रिया. प्रथम अल्कता दर लिटरला ८०–१२० मिग्रॅ. राखतात, कमी असल्यास खाण्याचा सोडा घालतात. नंतर सामू ७.२–७.६ करतात. सामू घटल्यास धातूचे भाग गंजतात. वाढल्यास क्षारांचा थर बसतो व क्लोरीनचा प्रभाव मंदावतो. कठिनतेचा विचार करता, उदाहरणार्थ, जानेफळ (ता. मेहकर, जि. बुलढाणा) हे गाव बेसाल्टी खडकाच्या प्रदेशात असून अशा भागात विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड असते. त्यामुळे तेथे कठिनतेची चाचणी महत्त्वाची ठरते. शेवटी सूर्यास्तानंतर क्लोरीनची वाढीव मात्रा देऊन पंप चालवतात. जानेफळसारख्या ठिकाणी बंद काळात तलावाचे पाणी गोठत नाही. मात्र दुर्लक्षित तलावात शेवाळ माजते व डास वाढतात. म्हणून बंद काळातही पाण्याची नियमित तपासणी आवश्यक असते.