आयझर्न युनियन : एका हरणाऱ्या क्लबचे चाहते

बर्लिनच्या आग्नेय कडेला, क्योपेनिकच्या झाडीत, १. एफसी युनियन बर्लिन या फुटबॉल क्लबचे मैदान आहे. १९६६ साली आजच्या नावाने स्थापन झालेल्या या क्लबने मोठी म्हणावी अशी एकच स्पर्धा जिंकली, ती १९६८ चा पूर्व जर्मन चषक. पूर्व जर्मनीची साखळी त्याला कधीच जिंकता आली नाही आणि देशाच्या एकीकरणानंतर जवळजवळ तीस वर्षे तो बुंडेसलिगा या अव्वल साखळीच्या दाराबाहेरच राहिला. तरीही जर्मनीत चाहत्यांच्या निष्ठेचा विषय निघाला की युनियनचे नाव आधी घेतले जाते. ही निष्ठा कशी घडली हे जाणून घ्यायला विजयांची यादी उपयोगी पडत नाही. लोकांनी क्लबसाठी वेळोवेळी काय दिले, याचाच हिशेब मांडावा लागतो.

क्लबचे मूळ १९०६ सालचे. श्प्रे नदीकाठच्या ओबरश्योनेवाइडे या भागात तेव्हा एईजी कंपनीचे विजेचे आणि केबलचे कारखाने धडधडत होते. तिथल्या तरुणांनी काढलेल्या संघाचा निळा पोशाख कारखान्यातल्या कामाच्या कपड्यांसारखा दिसे. त्यावरून लोक त्यांना कुलूप-लोखंडाचे काम करणारी पोरे म्हणत, आणि ‘आयझर्न युनियन’, म्हणजे पोलादी युनियन, ही आजही मैदानावर घुमणारी आरोळी त्याच काळातली मानली जाते. १९२० मध्ये संघ ‘आल्टे फ्योर्स्टराय’ या मैदानावर आला. १९२३ मध्ये त्याने जर्मन अजिंक्यपदाची अंतिम फेरी गाठली आणि हॅम्बुर्गकडून ०-३ असा पराभव पत्करला. १९५० मध्ये जर्मनीच्या फाळणीचा घाव थेट संघावरच बसला. कील इथे होणाऱ्या जर्मन अजिंक्यपदाच्या सामन्याला जायची परवानगी पूर्वेच्या अधिकाऱ्यांनी नाकारली. बहुतेक खेळाडू तरीही गेले, ०-७ असे हरले आणि पश्चिम बर्लिनमध्येच राहिले. मागे उरलेल्या क्लबची पुढची पंधरा वर्षे नावे बदलण्यात गेली.

१९६५-६६ च्या हिवाळ्यात पूर्व जर्मन सरकारने फुटबॉलची नव्याने घडी बसवली आणि देशभर निवडक फुटबॉल क्लब उभे केले. पूर्व बर्लिनच्या वाट्याला तीन आले : सैन्याचा फोरवेर्ट्स, पोलीस व गुप्तहेर यंत्रणेचा डायनॅमो आणि कामगार संघटनांच्या महासंघाच्या आधाराने उभा राहिलेला युनियन. कामगार वस्तीला आपला वाटेल असा तिघांतला हा एकच. दोन वर्षांतच, जून १९६८ मध्ये, त्याने त्या हंगामाचा विजेता असलेल्या कार्ल त्साइस येना संघाला २-१ असे हरवून चषक जिंकला. त्यामुळे युरोपात खेळण्याचा हक्क मिळाला, पण ऑगस्टमध्ये रणगाडे प्रागमध्ये शिरले. युरोपीय फुटबॉल संघटनेने पूर्व आणि पश्चिमेचे संघ वेगळे पाडून नव्याने सोडत काढली, पूर्वेच्या क्लबांनी माघार घेतली आणि युनियनची संधी हुकली. पुढच्याच वर्षी संघ वरच्या विभागातून खाली घसरला. युरोपीय फुटबॉल संघटनेच्या स्पर्धेतल्या पहिल्या सामन्यासाठी त्याला २००१ पर्यंत थांबावे लागले.

त्यानंतरची दोन दशके वर-खाली होण्यात गेली. शहरातल्या शहरात शेजारी होता बीएफसी डायनॅमो. राज्य सुरक्षा मंत्री एरिश मील्के यांचा त्या क्लबवर वरदहस्त होता, हवे ते गुणी खेळाडू त्याच्याकडे वळवले जात, आणि १९७९ ते १९८८ अशी सलग दहा अजिंक्यपदे त्याने मिळवली. पंच त्याच्या बाजूने झुकतात असा संशय साऱ्या देशात होता. अशा शेजाऱ्यापुढे युनियनच्या छोट्या विजयांनाही मोठे मोल आले. १९७६-७७ च्या हंगामात खालच्या विभागातून नुकत्याच वर आलेल्या युनियनने डायनॅमोला दोन्ही सामन्यांत १-० असे हरवले, आणि जुने चाहते तो हंगाम चषकाच्या बरोबरीने आठवतात.

फ्री किकच्या वेळी प्रतिस्पर्धी खेळाडू आडवी फळी धरून उभे राहिले की युनियनचे प्रेक्षक ‘भिंत हटलीच पाहिजे’ असे ओरडत. बर्लिनमध्ये त्या वाक्याचा दुसरा अर्थ कोणाला सांगावा लागत नव्हता. अशा गोष्टींवरून युनियनचा प्रत्येक चाहता राजवटीचा विरोधक होता अशी समजूत पुढे रूढ झाली. ती अतिशयोक्त आहे. क्लब सरकारी व्यवस्थेचाच भाग होता आणि गर्दीतले बहुतेक लोक फुटबॉलसाठीच येत. मात्र बाहेर ज्या गोष्टी मोठ्याने बोलता येत नसत, त्यातल्या काही मैदानाच्या पायऱ्यांवर ओरडता येत, हे खरे. आणि हरणाऱ्या संघाच्या मागे उभे राहणे हीदेखील तिथे एक निवड होती. मे १९८८ मध्ये कार्ल-मार्क्स-श्टाट इथे हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, भरपाईच्या वेळेत मारिओ माएकने गोल केला. संघ ३-२ असा जिंकून कसाबसा वरच्या विभागात टिकला. एरवी कोणी लक्षात ठेवणार नाही असा हा सामना, पण युनियनच्या इतिहासात त्याला चषकाखालोखाल जागा आहे.

बर्लिनची भिंत पडल्यावर सुगीचे दिवस यायला हवे होते. २७ जानेवारी १९९० रोजी पश्चिमेच्या हेर्टा संघाशी ऑलिंपिक स्टेडियमवर मैत्रीचा सामना झाला, तेव्हा पन्नास हजारांहून अधिक लोक जमले आणि दोन्ही बाजूंचे चाहते एकमेकांच्या गळ्यात पडले. पुढे मात्र कारखाने बंद पडले, लोकांचे रोजगार गेले, क्लबची तिजोरी रिकामी झाली. १९९३ मध्ये संघाने मैदानावर दुसऱ्या बुंडेसलिगाची पात्रता मिळवली, पण बँकेची हमी बनावट निघाल्याने परवाना गेला. १९९४ मध्येही आर्थिक कारणांनी तो नाकारला गेला. १९९७ मध्ये दिवाळखोरी उंबरठ्यावर आली, तेव्हा चाहत्यांनी ब्रांडेनबुर्ग दरवाजातून मोर्चा काढला आणि पैसे गोळा केले. क्लब वाचला. २००१ मध्ये तिसऱ्या विभागात असूनही त्याने जर्मन चषकाची अंतिम फेरी गाठली, तिथे शाल्केकडून ०-२ असा हरला, आणि त्याच वर्षी दुसऱ्या विभागात पोहोचला.

हे सुख तीनच हंगाम टिकले. डिसेंबर २००३ मध्ये संघ गुणतक्त्याच्या तळाशी होता आणि नाताळाच्या शुभेच्छाही न देता चाहते शेवटच्या सामन्याहून घरी गेले होते. ही रुखरुख लागून ८९ जण २३ डिसेंबरच्या रात्री बंद मैदानात शिरले आणि मध्यरेषेवर उभे राहून नाताळची गाणी म्हणाले. पुढे हाच कार्यक्रम दरवर्षीचा झाला आणि त्याला सुमारे २८ हजार लोक येऊ लागले. वसंतात संघ घसरला तो घसरलाच. तिसऱ्या विभागाच्या परवान्यासाठी सुमारे १४.६ लाख युरो दाखवणे भाग होते. चाहत्यांनी रक्तदान केंद्रात रक्त देऊन मिळालेला मोबदला क्लबला दिला, आणि मोहिमेचे नावच ‘युनियनसाठी रक्त’ असे ठेवले. परवाना मिळाला, आणि वर्षभरात संघ चौथ्या विभागात गेला. इथे एखाद्या क्लबचे प्रेक्षक पांगले असते तर कोणी दोष दिला नसता. युनियनचे पांगले नाहीत.

२००८ मध्ये मैदानाचाच प्रश्न उभा राहिला. उभे राहून सामना बघण्याच्या पायऱ्या ढासळल्या होत्या, नियमांत बसत नव्हत्या, आणि ठेकेदाराला द्यायला पैसे नव्हते. मग चाहतेच कामाला लागले. दोन हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी वर्षभर, सुमारे १ लाख ४० हजार तास राबून, काँक्रीटच्या पायऱ्या घातल्या आणि तीन बाजूंना छप्पर चढवले. त्यात गवंडी आणि वेल्डर होते, तसे हातात कधी फावडे न धरलेले कारकून आणि विद्यार्थीही होते. एव्हाना तिसऱ्या विभागात परतलेला संघ त्या हंगामात घरचे सामने शहरातल्या दुसऱ्या मैदानावर खेळला आणि त्या विभागाचा विजेता ठरला. जुलै २००९ मध्ये हेर्टाविरुद्धच्या सामन्याने नवे मैदान उघडले. युनियन ३-५ असा हरला. मैदानाजवळ त्या श्रमकऱ्यांचे, भल्यामोठ्या लाल शिरस्त्राणाचे स्मारक आहे. २०११ मध्ये मैदानाच्या मालकीचे समभाग प्रत्येकी ५०० युरोंना सदस्यांना विकले गेले, म्हणजे जे हातांनी बांधले त्याचा काही वाटा कागदोपत्रीही त्यांचा झाला.

सुमारे २२ हजार प्रेक्षकांच्या या मैदानात अठरा हजारांहून अधिक जागा उभ्या राहणाऱ्यांसाठी आहेत. सामना संपण्याआधी निघायचे नाही आणि आपल्या खेळाडूची हुर्यो उडवायची नाही, हे इथले संकेत कुठे लिहून ठेवलेले नाहीत, पण वडील मुलांना पहिल्याच दिवशी ते सांगतात. संघातल्या खेळाडूंची नावे पुकारली जाताना प्रत्येक नावामागून प्रेक्षक ‘फुटबॉलचा देव’ असे ओरडतात, मग तो राखीव बचावपटू का असेना.

मे २०१९ मध्ये श्टुटगार्टविरुद्धच्या बढती ठरवणाऱ्या दोन सामन्यांत २-२ आणि ०-० अशी बरोबरी साधून, बाहेरच्या मैदानावरील गोलांच्या जोरावर, युनियन बुंडेसलिगात पोहोचला. १८ ऑगस्टला लाइपझिगविरुद्ध तिथला पहिला सामना झाला, तेव्हा हा दिवस न पाहताच गेलेल्या चारशेहून अधिक चाहत्यांच्या मोठ्या तसबिरी त्यांच्या आप्तांनी पायऱ्यांवर उंच धरल्या होत्या. निकाल ०-४. पुढच्या चार हंगामांत स्विस प्रशिक्षक उर्स फिशर यांनी संघाला चौथ्या स्थानापर्यंत आणि चॅम्पियन्स लीगपर्यंत नेले. त्या स्पर्धेतले घरचे सामने ऑलिंपिक स्टेडियमवर खेळवले गेले, कारण आल्टे फ्योर्स्टरायमध्ये एवढे लोक मावणार नव्हते आणि जास्तीत जास्त सदस्यांना तो दिवस दिसावा अशी क्लबची इच्छा होती.

२०२३ च्या त्याच शरद ऋतूत संघ सलग बारा सामने हरला. पायऱ्यांवरचे गाणे थांबले नाही, आणि नोव्हेंबरमध्ये फिशर पद सोडून गेले तेव्हा त्यांच्या वाट्याला राग नव्हे, कृतज्ञता आली. चॅम्पियन्स लीगमध्ये रेआल माद्रिद, नापोली आणि ब्रागा यांच्या गटात युनियनला एकही विजय मिळाला नाही, दोन बरोबऱ्या तेवढ्या पदरी पडल्या. १८ मे २०२४ रोजी हंगामाच्या शेवटच्या दिवशी फ्रायबुर्गविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना, भरपाईच्या वेळेत केव्हिन फोलांडची पेनल्टी हुकली, आणि परतलेला चेंडू यानिक हाबररने जाळ्यात मारला. २-१ या विजयामुळे संघ बुंडेसलिगात राहिला.