नववा चंद्र आणि रात्रपाळी

शनीचा नववा चंद्र फीबी १८९९ साली विल्यम पिकरिंग यांनी शोधला, असे पुस्तके सांगतात. ते खोटे नाही, अपुरे आहे. कामगार चळवळीतल्या माणसाला पहिला प्रश्न सुचतो तो हा, की रात्रभर जागले कोण?

ज्या काचांवर हा चंद्र सापडला, त्यांवरील छायाचित्रे डिलाइल स्ट्युअर्ट यांनी ऑगस्ट १८९८ मध्ये घेतली होती. जागा पेरू देशातील आरेकिपा, हार्वर्ड वेधशाळेचे दूरचे ठाणे. त्या काळी हे काम म्हणजे रात्रपाळीच. एखाद्या ताऱ्यावर नजर खिळवून दुर्बीण सारखी सावरीत राहावे लागे. हात चुकला की ठिपक्याची रेघ होई. फीबीचा ठिपका तर फारच मंद. छायाचित्रावरून सापडलेला हा पहिला उपग्रह होय. पिकरिंगांनी काचा ताडून तो हुडकला, हेही कसब लहान नव्हे.

हा चंद्र शनीभोवती उलटा फिरतो. एका फेरीला सुमारे ५५० दिवस लागतात. तो शनीच्या घरचा नसून बाहेरून येऊन सापडलेला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात.

१९०५ साली पिकरिंगांनी दहावा चंद्रही जाहीर केला, आणि १९०६ साली दोहोंबद्दल त्यांना फ्रान्सचे लालांद पारितोषिक मिळाले. दहावा पुढे कोणालाच दिसला नाही, तो नव्हताच!

२००४ साली कॅसिनी यान फीबीजवळून गेले. तेथील विवरांना ग्रीक कथेतल्या आर्गो जहाजावरील मंडळींची नावे दिली आहेत. सर्वांत मोठे विवर अर्थातच नायक जेसनचे. पण वल्ही मारणारेही त्या यादीत आहेत.