गॅस संपत नाही, गळतो

धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. तिथून पारोळा, एरंडोल करत जळगावकडे निघालेल्या जुन्या ट्रकचा एसी मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, गरम हवा फेकू लागतो. ड्रायव्हर गॅरेजवर गाडी लावतो आणि म्हणतो, "गॅस संपला, भाऊ. भरून द्या." या वाक्यातली चूक जवळपास शंभर वर्षं जुनी आहे.

एसीतला गॅस डिझेलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो गॅस फिरत राहतो. घरचा फ्रिज पंधरा-वीस वर्षं गॅस न भरता चालतो, कारण त्याची मोटर आणि कंप्रेसर एकाच वेल्ड केलेल्या डब्यात असतात. ट्रकचा कंप्रेसर मात्र इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. त्याचा शाफ्ट डब्याबाहेर येतो, म्हणून तिथे सील लागतं. इंजिन थरथरतं, म्हणून रबरी पाइप लागतात, आणि प्रत्येक जोडावर ओ-रिंग. म्हणजे गळायच्या जागा मूळ रचनेतच आहेत.

सुरुवातीच्या फ्रिजमध्ये अमोनिया किंवा सल्फर डायऑक्साइड असायचा. विषारी, पण गळला की नाकाला झोंबायचा. १९२८ साली अमेरिकेत थॉमस मिजलीच्या गटाने फ्रिऑन शोधला, म्हणजे आर-१२. जळत नाही, विषारी नाही, वासही नाही. तेव्हापासून गळती कळेनाशी झाली. गाड्यांमध्ये एसी आले, गॅस स्वस्त होता, त्यामुळे गळला की भरायचा ही सवय लागली. (आम्ही सर्व्हर रीस्टार्ट करून बग 'सोडवतो', त्यातलाच प्रकार.)

गळालेला गॅस जातो कुठे, हे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी सांगितलं: वर ओझोनच्या थरापर्यंत. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. भारतात २०१० पासून आर-१२ सारखे गॅस बंद झाले. त्याजागी आलेल्या आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही, त्यामुळे ओझोनला धोका नाही. पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट आहे.

या बदलाने मेकॅनिकची हत्यारंही बदलली. पूर्वी गळती शोधायला एक खास दिवा असे. क्लोरीन असलेला गॅस ज्योतीत शिरला की ती हिरवी व्हायची. नव्या गॅसपुढे तो दिवा आंधळा झाला. तेलही बदललं, ओ-रिंगचं रबरही. जुन्याचं सामान नव्यात घातलं की पुन्हा गळती.

आपल्याकडे ट्रकमध्ये एसी हा विषयच उशिरा आला. अनेक ट्रक कारखान्यातून नुसती चासी म्हणून निघायचे. लाकूड-पत्र्याची केबिन स्थानिक बॉडीवाले बांधायचे. १९९८ मध्ये बंगळुरूजवळ होसकोटे इथे व्होल्वोचे ट्रक बनू लागले, तेव्हा एसी केबिन म्हणजे नवल होतं. मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन सक्तीची करणारी अधिसूचना निघाली डिसेंबर २०२३ मध्ये, तीही १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या गाड्यांसाठी. परदेशी जाणारी केळी १३-१४ अंशांच्या कंटेनरमध्ये कधीपासूनच जातात.

जुन्या गाडीचं काम तेच उरतं: गळती शोधणं. पायाशी पाणी टपकत असेल तर तो गॅस नव्हे. कूलिंग कॉइलचं पाणी बाहेर नेणारी नळी धुळीने तुंबलेली असते. गॅस गळतो तिथे तेलही झिरपतं आणि त्यावर धूळ बसते, म्हणून आधी काळे, तेलकट डाग बघायचे. कंप्रेसरचं सील, पाइपांचे जोड, समोर दगड खाणारा कंडेन्सर. मग नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावायचं. फेस आला ती जागा. ओ-रिंग बदलायची, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल ओढून घ्यायची, पंप बंद करायचा आणि गेजचा काटा हलतो का ते बघत थांबायचं. काटा स्थिर राहिला तरच गॅस भरायचा, तोही वजन करून.

या सगळ्यात अर्धा दिवस जातो. नुसता गॅस भरला तर थोड्याच वेळात गाडी रस्त्यावर. मागे माल भरलेला असतो आणि मालकाचा फोन वाजत असतो. ड्रायव्हर म्हणतो, "आत्ता भरून द्या, येताना बघू."